अर्ध्याच चुका

रविवार, २४ सप्टेंबर २०२३

डेल,

तुझा पत्ता ट्रिशनं दिला. तिला तो कुठून मिळाला ते मी विचारलं नाही. कोडियाक, अलास्का, मासळीचा कारखाना, एवढंच आहे त्यावर. पोचलं तर पोचलं. अकरा वर्षं तू लिहिलं नाहीस आणि मीही नाही, तेव्हा ख्यालीखुशाली विचारण्यात कागद घालवत नाही. मी जिवंत आहे. तुझे वडील चार वर्षांपूर्वी गेले. ट्रिशनं कळवलं असेल. नसेल तर आता कळलं.

लिहायचं कारण तुझा मुलगा. गॅरेट आता तुझ्याहून दोन बोटं उंच आहे आणि तुझ्याच कॉलेजच्या आइस हॉकीच्या संघात खेळतो, तुझ्याच जागी, डाव्या बाजूला. हे त्याचं शेवटचं वर्ष, राहतो माझ्याकडे. आपल्या रिंकवरची रीत तुला सांगायला नको. फेब्रुवारीत घरचा शेवटचा सामना असतो तेव्हा शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांना घेऊन बर्फावर येतात, जाजम अंथरतात, एकेकाचं नाव पुकारतात, आईच्या हातात फुलं देतात. तुझ्या वाट्याला ती वेळ आली नाही, पण दुसऱ्यांची तू पाहिलीयस. यंदा सतरा फेब्रुवारी, शनिवार. ट्रिश म्हणते, आई असली तरी तिला जमणार नाही, तिच्या नव्या नवऱ्याचं काहीतरी आहे. त्याचं नेहमीच काहीतरी असतं. म्हणून तुला लिहितेय. ये. माझ्याशी बोलायची गरज नाही. जाजमावरून चाळीस पावलं चालायचंय, तेवढं कोणालाही जमेल.

मी अजून रिंकवर संघाचे कपडे धुते. सव्वीस वर्षं झाली. पोरं मला मुम्मू म्हणतात, आपल्या आजीला म्हणावं तसं, सगळीच, ज्यांच्या घरात फिनिश बोललेला एक शब्द कधी कोणी ऐकला नाही तीसुद्धा. तुला आठवतो तो मिचमिच्या डोळ्यांचा कोच गेला, आता पेल्टियर म्हणून एक आहे. ओरडतो कमी, पण बर्फाकडे बघून दात खातो.

एक गंमत सांगते. तुझ्या वेळी हे नव्हतं. आता दर सप्टेंबरात प्रत्येक पोराला कॉम्प्युटरसमोर बसवतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, मग विचारतात काय काय आठवतं. त्याचा एक आकडा लिहून ठेवतात. हंगामात कोणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. आकडा सप्टेंबरइतका आला तर खेळायला मोकळा, कमी आला तर घरी बस. मग पोरं काय करतात, सप्टेंबरातच मुद्दाम चुकतात. म्हणजे पुढे डोकं फुटलं तरी आकडा तेवढाच. गॅरेट जेवायला बसला होता तेव्हा सांगत होता. मी हसले. कॉलेजात जाऊन एवढं तरी शिकतात.

येणार असशील तर कळव. नसशील तर कळवू नकोस.

आई


रविवार, ५ नोव्हेंबर

डेल,

उत्तर नाही. ठीक आहे.

चार सामने झाले, तीन जिंकलो. गॅरेटचे पाच गोल. दुकानात, चर्चमध्ये, दवाखान्यात, कुठेही गेलं की लोक मलाच शाबासकी देतात, जशी काही मीच काठी घेऊन पळत होते. गाव खूश आहे. खाण बंद झाल्यापासून या गावाला खूश व्हायला दुसरं काही उरलेलं नाही.

परवा शुक्रवारी विस्कॉन्सिनच्या एका धटिंगणानं त्याला पाठीमागून कडेच्या फळीवर आपटलं. मी कपड्यांच्या खोलीच्या दारात होते. दोन टॉवेलांच्या घड्या घालून होतील एवढा वेळ तो पडून होता. मग उठला. पोरांनी काठ्या बर्फावर आपटल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शनिवारी त्याला बसवलं आणि आज सकाळी, चर्च सोडून, परीक्षेला नेलं. मार्सी म्हणून एक मुलगी आहे, पोरांच्या दुखापती बघते, कामाला चांगली आहे. ती माझ्याकडे आली.

"मुम्मू, तुमचा नातू लोखंडाचा आहे. आकडा अगदी सप्टेंबरइतका."

"सप्टेंबरात तरी कुठे मोठे दिवे लावले होते," मी म्हणाले.

ती हसली. मला वाटलं ती थांबेल आणि विचारेल, म्हणजे काय. थांबली नाही. तिच्या हातात बर्फाच्या पिशव्या होत्या.

घरी आल्यावर त्याला कॉफी दिली. त्यानं तीन चमचे साखर घातली. तो साखर घेत नाही. असेल, दमला असेल.

आई


रविवार, १० डिसेंबर

डेल,

हातमोजे मशीनमध्ये घालत नाहीत, हे तुला माहीत आहे. उलटे करून खुंट्यांवर वाळत लावायचे. काल सामन्यानंतर गॅरेटचा डावा मोजा उलटा करायला गेले तर होईना. आत बोटांत ओकारी होती. सव्वीस वर्षांत मी या कपड्यांतून रक्त काढलंय, घाम काढलाय, तंबाखूची थुंकी काढलीय. कुठलं काय ते मला नाकानं कळतं. बाकावर बसल्या बसल्या तो मोज्यात ओकला आणि तोच मोजा पुन्हा हातात घालून बर्फावर गेला, कोणाला दिसू नये म्हणून. गोल पण केला. आम्ही तीन-दोननं जिंकलो.

मी मोजा धुतला. वाळत लावला. मग घरी येऊन वाफेची सौना तापवली. तो आत आला नाही. शनिवारी सौना चुकवणारं आपल्या घरात आजवर कोणी झालं नाही. स्वयंपाकघरातला दिवा बंद करून टेबलावर डोकं ठेवून बसला होता.

"तुझ्या डाव्या मोज्यात काय होतं?"

"घाम."

"घामात बटाटा नसतो."

तो हसला. मग म्हणाला, "मुम्मू, फेब्रुवारीपर्यंतच. मग आयुष्यात बर्फावर पाय ठेवणार नाही. माझे स्केट विकून टाक."

"त्या वासाचे कोण घेणार?"

"खरंच सांगतोय. अकरा सामने राहिलेत. यंदा आपण पुढच्या फेरीत जाणार आहोत, कितीतरी वर्षांनी. मी बसलो तर डावीकडे कोण आहे? तो किप? त्याला उभं राहायला फळी लागते."

"आणि तुझ्या डोक्याचं काय?"

"थोडं ठणकतं. सगळ्यांचंच ठणकतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मार्सीला सांगशील?"

मी म्हणाले, "नाताळपर्यंत बघते."

"शब्द?"

"शब्द."

मी आयुष्यात शब्द मोडलेला नाही, हे त्याला माहीत आहे. म्हणूनच त्यानं मागितला.

तुला मी पत्र लिहिते हे त्याला सांगितलेलं नाही. परवा विचारत होता, शेवटच्या सामन्याला बर्फावर त्याच्याबरोबर कोण येणार. मी म्हणाले, येईल कोणीतरी.

आई


गुरुवार, १८ जानेवारी २०२४

डेल,

नाताळ झाला, तीन आठवडे उलटले. मी गप्प आहे. बाहेर बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत आलंय. सकाळी मी फावडं घेऊन निघाले तर तो पायरीवर बूट घालत होता. म्हणाला, "राहू दे ना, आजोबा उठले की काढतील." एवढं बोलून उभा राहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तुझ्या वडिलांची पेटी खड्ड्यात सोडताना दोराचं एक टोक त्याच्या हातात होतं.

"झोपेत होतो," म्हणाला.

"हो," मी म्हणाले. आणि बर्फ काढायला लागले.

परवाच्या सामन्यात पुन्हा लागलं. फार नाही, खांदा हनुवटीला. पुन्हा परीक्षा, पुन्हा तोच आकडा. मार्सीनं कागद मला दाखवला, मोठ्या अभिमानानं.

आता पहिल्या पत्रात जे गाळलं ते लिहिते. ते गाळून पुढचं लिहिता येत नाही.

सप्टेंबरात तो जेवताना ती गंमत सांगत होता, तेव्हा मी नुसती हसले नव्हते. तो म्हणत होता, मी सगळंच चुकवणार. मी म्हणाले, "गाढवा, सगळं चुकलास तर त्यांना कळेल. इतका मठ्ठ कॉलेजात आला कसा, असं विचारतील. अर्ध्याच चुका कर. सुरुवातीचे शब्द बरोबर सांग आणि नंतरचे विसर, माणसं तशीच विसरतात." त्यानं टेबलावर हात आपटला. म्हणाला, "मुम्मू, तू कोच व्हायला हवी होतीस." सहावीत शाळा सोडलेली बाई मी. कॉलेजच्या पोराला मला काहीतरी शिकवता आलं. दोन दिवस माझी मान ताठ होती.

पुढे त्यानं तेच केलं. संघातल्या आणखी दोघातिघांनाही शिकवलं म्हणे.

आता दुसरं. तेही लिहूनच टाकते. १९९६, जानेवारी. तू पडलास तेव्हा मी काचेपाशी उभी होते. तुझे डोळे उघडे होते पण माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे कुठेतरी बघत होते. मी काच ठोकली आणि म्हणाले, "ऊठ. लोक बघतायत." तू उठलास. दुसऱ्या दिवशीही खेळलास. तुझ्या वडिलांनी विचारलं, त्याला डॉक्टरकडे न्यायचं का, तर मी म्हणाले डॉक्टर काय नवीन डोकं देणार आहे. तुला वाटत असेल मी हे विसरले. विसरले नाही. बोलायचं नव्हतं, एवढंच.

मार्सीला सांगितलं तर हा पोरगा माझं तोंड बघणार नाही. न बघणारा एक आहेच. दुसरा मला परवडत नाही, म्हणून मी गप्प आहे. कारण एवढंच आहे, त्यात गावाचा किंवा संघाचा काही संबंध नाही.

तू असतास तर काय केलं असतंस ते विचारत नाही. तू नव्हतास.

आई


रविवार, १८ फेब्रुवारी

डेल,

आला नाहीस. नाव पुकारेपर्यंत मी दाराकडे बघत होते, हे सांगितलं पाहिजे म्हणून सांगते.

मंगळवारी सरावाआधी मी टॉवेल घेऊन पोरांच्या खोलीत गेले. सगळे बाहेर गेले होते. गॅरेट बाकावर एकटा, स्केट पायात, नाडीचं एक टोक हातात. तसाच बसला होता. मी टॉवेल लावले, सगळे, खुंटीखुंटीला. तो तसाच. चार वर्षांचा असल्यापासून ती नाडी तो आपली आपण बांधतो. मी पुढ्यात बसून बांधून दिली. "थँक्यू, मुम्मू," म्हणाला आणि गेला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बुधवारी सकाळी मी मार्सीकडे गेले. सगळं सांगितलं, मोजा, साखर, नाडी, आणि सप्टेंबरात मी काय शिकवलं तेही. तिनं सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाली, "मुम्मू, मी हे तीनदा विचारायला हवं होतं."

"मी तीनदा सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "आता त्याला बोलव."

या वेळी कॉम्प्युटर नाही. तिनं समोर बसवून पाच शब्द तोंडी सांगितले. पाच मिनिटांनी विचारले. त्यानं दोन सांगितले, त्यातला 'गाडी' हा पाचांत नव्हता. खिडकीबाहेर बर्फ ओढायची गाडी उभी होती, ती बघून सांगितला असावा.

पेल्टियर आला. हातातली शिट्टी फिरवत म्हणाला, "साइमा, दोनच सामने राहिलेत."

"त्याच्याकडे डोकं एकच राहिलंय," मी म्हणाले.

मग दार लावून गॅरेट माझ्या अंगावर आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू शब्द दिला होतास."

"नाताळपर्यंतचा. नाताळ होऊन गेला."

"अर्ध्या चुका कर, असं तूच सांगितलंस."

"हो, मीच सांगितलं."

"मग आता कसली आजी होतेस?"

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

काल शनिवार. रीत म्हणून तो सूट घालून आला, बाकीची पोरं जर्सीत. माइकवर म्हणाले, "गॅरेट निस्कनेन, सोबत आजी साइमा." जाजम टाकलं होतं तरी खाली बर्फच, म्हणून त्यानं माझा दंड धरला. पोलीस चोराला धरतो तसा. चाळीस पावलं. दिव्यांमुळे तो डोळे मिटून चालत होता, म्हणजे खरं तर मीच त्याला नेत होते, पण बघणाऱ्यांना उलटं दिसलं असेल. मधे फुलं माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यासारख्या नाही.

चार-एकनं हरलो. पुढची फेरी गेली. किप डावीकडे होता. पोरगं जीव तोडून खेळलं, मी उगाच बोलणार नाही. सामना संपल्यावर रडत होतं, त्याची जर्सी मी सगळ्यात आधी मशीनमध्ये टाकली.

आज चर्चनंतर पोस्टातल्या बाईनं मला गाठलं. म्हणाली, "दोन आठवडे थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी तिला म्हटलं, तुझ्या पोराचं डोकं दे, थांबते. ती निघून गेली. कालची फुलं मी चर्चमध्येच ठेवून आले.

आई


रविवार, २४ मार्च

डेल,

पत्र आलं.

लिफाफ्यावर माझं नाव नव्हतं, त्याचं होतं. तेच बरोबर आहे.

इथली हकीकत आधी सांगते. गॅरेटचं कॉलेज सुटलंय, म्हणजे तात्पुरतं असं म्हणतात. शहरातला डॉक्टर दर वेळी म्हणतो, वेळ लागेल, आणि किती ते विचारलं की हात धुतो. गॅरेट वरच्या खोलीत असतो. खिडकीला मी गोधडी ठोकलीय. ताट दाराबाहेर ठेवते, अर्धं परत येतं. वेलदोड्याचा पाव तेवढा संपतो. पाच आठवडे झाले, माझ्याशी एक शब्द नाही. मार्सी येते तेव्हा तिच्याशी बोलतो, हळू. मी खाली उभी राहून ऐकते. लाज वाटत नाही मला.

त्याला वाचता येत नाही. अक्षरं पाण्यातल्यासारखी हलतात म्हणे. मार्सीनं सांगितलं. तेव्हा तुझं पत्र मलाच वाचावं लागणार होतं. मी वर गेले, दाराबाहेर जमिनीवर बसले, चष्मा लावला. "तुझ्या बापाचं पत्र आहे," म्हणाले. मग बोट ठेवून वाचायला लागले. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे.

घरातसुद्धा काळा चष्मा लाव, असं तू लिहिलंयस. फ्रिजचा आवाज भिंतीतून येतो, पलंग दुसऱ्या बाजूला सरकव. एखाद्या दिवशी बरं वाटलं तर त्या दिवशी काही करू नकोस, कारण दुसऱ्या दिवशी डोकं ते सगळं परत मागून घेतं. उतरताना पायऱ्या मोज, चढताना नको. राग येईल तो तुझा नाही, डोक्याचा आहे, पण बाकीच्यांना ते कळणार नाही, म्हणून राग आला की बाहेर जाऊन उभा राहा. लोक म्हणतील आळशी झालाय. म्हणू दे.

तिथे मी थांबले.

त्या वर्षी तू तळघरात झोपायला लागलास. बॉयलरच्या मागे, जुन्या बटाट्याच्या पोत्यांवर. वसंत आला, उन्हाळा आला, तरी तू खालीच. मी दर सकाळी जिन्यावरून ओरडायचे, आळशी, दारुड्या, वर ये, माणसात ये. एकदा खाली येऊन सगळे दिवे लावले आणि तुझं पांघरूण ओढून काढलं. तू दोन्ही हातांनी डोळे झाकलेस. मला वाटलं लाजेनं झाकतोयस. अठ्ठावीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

तळघरात अंधार होता म्हणून तू तिथे होतास.

हे मी माफीसाठी लिहीत नाही. माफी काय करायचीय मला आता, अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. कळलं ते कळलं म्हणून लिहिलं.

तर मी थांबले होते, आणि आतून आवाज आला.

"पुढे काय?"

पाच आठवड्यांत पहिल्यांदा. मी पुढचं वाचलं. संपल्यावर तो म्हणाला, "परत वाच." परत वाचलं. मी उठायला लागले, गुडघे वाजले, तर म्हणाला, "उद्या पण." एवढंच. माझं नाव घेतलं नाही, मुम्मू म्हणाला नाही. आज पाचवा दिवस, रोज वाचते. काही वाक्यं आता बोट न ठेवता येतात. पलंग सरकवला. काळा चष्मा तुझ्या वडिलांचा होता, मासेमारीचा, तो दिला.

तू एकच पान लिहिलंयस, ते त्याला आता पाठ होत आलंय. पाठ होतंय ही चांगली गोष्ट आहे असं मार्सी म्हणते. पण पान एकच आहे. तेव्हा आणखी लिही. त्यालाच लिही, माझं नाव घालू नकोस. फक्त अक्षर जरा मोठं काढ आणि ओळी सुट्या ठेव. तुझं अक्षर चिकटून चिकटून असतं, मी मधेच अडते, आणि तो पलीकडे वाट बघत असतो.

आई